पाळलेलं कासव तळ्यात सोडायचंय? आधी ते कोणतं आहे ते बघा

ॲक्वेरियमच्या दुकानातून आणलं तेव्हा ते दहा रुपयांच्या नाण्याएवढं होतं. आता त्याची पाठ वीतभर झालीय, टाकीचं पाणी दोन दिवसांत वास मारतं, ज्याच्या हट्टापायी आणलं तो मुलगा दहावीला आहे आणि घरात अधूनमधून कुणीतरी म्हणतं, ‘बिचाऱ्याला पाषाणच्या तळ्यात सोडून देऊ या, मोकळं तरी राहील.’ पाषाणच्या जागी रंकाळा घाला, अंबाझरी घाला, पवई घाला, गावाकडचं शेततळं नाहीतर देवळाचं कुंड घाला. विचार तोच असतो.

उत्तर आधीच देऊन टाकतो: स्वतःच्या हाताने सोडू नका, कोणतंही कासव असलं तरी. मात्र नुसतं ‘सोडू नका’ म्हणून तुमच्या टाकीचा वास जात नाही. मग करायचं काय? ते कासव कोणत्या जातीचं आहे, यावर सगळं ठरतं. काही कासवं घरात ठेवणंच गुन्हा आहे, आणि काही तळ्यात सोडली तर तळ्याचंच नुकसान होतं.

एक गैरसमज मात्र आधी दूर करायला हवा. वेळास किंवा आंजर्ल्याला जाऊन ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे जाताना ज्याने पाहिली, त्याला कासव सोडणं पुण्याचं काम वाटलं तर नवल नाही. पण तिथली अंडी त्याच किनाऱ्यावर घातलेली असतात, पिल्लं नुकतीच बाहेर आलेली असतात, माणसाच्या हातून त्यांनी एक घासही खाल्लेला नसतो आणि समोरचा समुद्र त्यांचाच असतो. आपल्या टाकीतल्या कासवाच्या बाबतीत यातलं काहीच लागू होत नाही.

पहिली पायरी: ओळख पटवा

चांगल्या उजेडात चार फोटो काढा: पाठ, पोट, डोकं बाजूने, आणि पाय. पोटाचा फोटो लोक विसरतात आणि ओळख बरेचदा तिथेच पटते. आपल्याकडच्या घरांत साधारण पुढची कासवं सापडतात.

डोळ्यामागे लाल पट्टा, हिरवट पाठ, पिवळ्या पोटावर गडद ठिपके, बोटांमध्ये पडदे: हे रेड-इअर्ड स्लायडर. शहरात दुकानातून घेतलेलं कासव बहुतेक वेळा हेच असतं. वयाबरोबर पाठ तपकिरी होत जाते, म्हाताऱ्या नरांत तर लाल पट्टाही काळवंडून दिसेनासा होतो. म्हणून ‘लाल दिसत नाही, म्हणजे आपलं देशीच असणार’ असा निष्कर्ष काढू नका. हे मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं.

उंच घुमटासारखी पाठ, काळ्यावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या, हत्तीसारखे जाड पाय, पडदे नाहीत: हे स्टार कासव. ते जमिनीवर राहतं, कोरड्या झुडपी माळरानातलं आहे आणि गवत-पाला खातं. वास्तूसाठी, पैसा टिकावा म्हणून लोक ते चोरून विकत घेतात.

पाठ चपटी आणि कातडीसारखी, नाक सोंडेसारखं पुढे आलेलं, मागच्या पायांवर झाकणासारखे पडदे मिटतात: हे फ्लॅपशेल. आपल्या ओढ्या-तळ्यांतलं अगदी नेहमीचं कासव. पावसाळ्यात रस्त्यावर सापडलं म्हणून ‘आणलेलं’ कासव बहुधा हेच निघतं. पाठ काळपट-तपकिरी, कडक आणि तिच्यावर उभ्या तीन कडा असतील तर ते भारतीय काळं कासव असण्याची शक्यता जास्त.

ओळख पटत नसेल तर फोटो वनखात्याला किंवा वन्यजीवांवर उपचार करणाऱ्या जवळच्या संस्थेला पाठवा. देशी कासवाचा फोटो फेसबुकच्या ग्रुपवर टाकू नका. तिथे ओळख सांगणाऱ्यांच्या आधी ‘दादा, देणार का? किंमत बोला’ म्हणणारे येतात.

सोडलं तर नेमकं काय होतं

‘पाळीव प्राणी जंगलात जगत नाही’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. कासवांच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे.

स्टार कासवाच्या बाबतीत मात्र ते पुरेपूर खरं आहे. त्याला पोहता येत नाही. ‘कासव आहे, म्हणजे पाण्यातच’ असं धरून लोक ते नदीत सोडतात, अगदी हात जोडून सोडतात, आणि ते बुडून मरतं. माळावर सोडलं तरी कुठलं माळरान? त्याचा मूळचा वावर गुजरात-राजस्थानच्या कोरड्या पट्ट्यात आणि दक्षिणेत आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूच्या भागांत आहे. पुण्यामुंबईच्या आसपासची ओली डोंगररानं त्याची नाहीत. वर्षानुवर्षं फरशीवर राहून पोळी-टोमॅटो खाल्लेल्या कासवाची पाठ अनेकदा वेडीवाकडी, ढेकळासारखी वाढलेली असते, हाडं ठिसूळ झालेली असतात.

स्लायडरची गोष्ट उलटी आहे. काही मरतात, पण पुष्कळ जगतात, आणि खरी अडचण तीच आहे. त्यांच्या मायदेशी बऱ्याच भागांत हिवाळ्यात तळी गोठतात. आपल्याकडे बाराही महिने उबदार पाणी, गटारात तग धरण्याची ताकद आणि जे मिळेल ते खाण्याची सवय. गोगलगाई, बेडकांची पिल्लं, मासे, मेलेलं जनावर, पाणवनस्पती, काहीच वर्ज्य नाही. ऊन खायला तळ्यात चार ओंडके असतील तर आकाराने मोठं, आक्रमक स्लायडर ते बळकावतं आणि देशी कासव पाण्यातच राहतं. कासवाला उन्हाची गरज पचनासाठी आणि पाठ टणक राहण्यासाठी असते, त्यामुळे ओंडका हातचा जाणं हे वाटतं तेवढं किरकोळ नाही. शिवाय दुकानाच्या गर्दीत राहिलेल्या कासवाबरोबर त्याचे रोगजंतूही तळ्यात जातात.

‘एकच तर आहे, त्याने काय होणार?’ मादी नराचं बीज शरीरात दीर्घकाळ साठवू शकते. दोन वेगवेगळ्या घरांतून आलेली दोन कासवं एकाच तळ्यात भेटायला काही फार योगायोग लागत नाही. ही जात जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक परक्या जातींच्या यादीत आहे. युरोपीय संघाने तिची आयात १९९७ मध्ये बंद केली. जपानने जून २०२३ पासून तिची विक्री आणि निसर्गात सोडणं यांवर बंदी आणली, पण घरात आहे ते पाळायला मुभा ठेवली. मला हा शहाणपणाचा मार्ग वाटतो, कारण पाळणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवलं असतं तर रातोरात हजारो कासवं नदीत गेली असती. आपल्याकडे केरळमध्ये त्रिशूरजवळ आणि ईशान्येकडे ही कासवं उघड्या पाण्यात सापडलेली आहेत.

देशी कासव निघालं तर

स्टार, फ्लॅपशेल आणि आपल्या बहुतेक देशी कासवांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. स्टार आणि फ्लॅपशेल पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. त्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या गुन्ह्यात किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. ‘विकत घेतलंय, पावती आहे’ हा बचाव नव्हे, उलट तो पुरावा ठरतो.

हे वाचून घाबरलेला माणूस रात्री गुपचूप नदीवर जातो. तसं करू नका. नीट मार्ग असा:

१. महाराष्ट्रात असाल तर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. पुण्यात रेस्क्यू ही संस्था, मुंबईत रॉ (RAWW) ही संस्था, नागपुरात सेमिनरी हिल्सचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, अशा वन्यजीवांवर उपचार करणाऱ्या ठिकाणीही विचारता येतं. त्यांनाही वनखात्याला कळवूनच प्राणी घ्यावा लागतो.

२. कासव सापडलेलं असेल तर ‘सापडलं’ म्हणून कळवायला कायद्याने ४८ तासांची मुदत आहे. घड्याळ सापडल्या क्षणापासून चालू होतं, तुम्हाला कायदा कळला तेव्हापासून नाही.

३. खरं सांगा. कुठून आलं, किती वर्षं होतं, काय खायला घातलं, दुसऱ्या प्राण्यांबरोबर होतं का. हे प्रश्न तुम्हाला अडकवण्यासाठीच असतात असं नाही. आजार आणि मूळ ठिकाण कळल्याशिवाय त्याचं पुढे काय करायचं हे पशुवैद्यकाला ठरवता येत नाही. स्वतःहून फोन करणारा आणि धाडीत सापडणारा यांच्याकडे एकाच नजरेने पाहिलं जात नाही, पण लेखी हमी कुणी देणार नाही. फार धास्ती वाटत असेल तर आधी वकिलाशी बोला.

४. स्वतः गाडीत घालून दुसऱ्या गावी नेऊ नका. परवानगीशिवाय वाहतूक हा वेगळा गुन्हा. माणूस येऊन घेऊन जाईल, किंवा कुठे आणायचं ते सांगेल. काय सांगितलं, कुणी सांगितलं, ते लिहून ठेवा आणि ताबा दिल्याची पोच मागून घ्या.

तोवर स्टार कासवाला कोरडी, हवेशीर पेटी द्या. तळाला कागद किंवा गवत, एका कोपऱ्यात कासवाचा घोटा बुडेल इतकंच पाणी, खायला हिरवं गवत, जास्वंदीची पानं-फुलं. दूध, पोळी, कुत्र्याचं खाणं बंद. फ्लॅपशेलला ओलं फडकं आणि थोडं पाणी पुरतं.

पुढे त्याला जंगलात सोडायचं की नाही हे खातं ठरवतं. आधी वेगळं ठेवून तपासण्या होतात, मग त्याच्या मूळ प्रदेशातल्या योग्य जागी, आधी कुंपणाच्या आत सवय लावून, मग मोकळं. ज्याचं मूळ ठिकाण ठाऊक नाही किंवा जे अधू आहे ते जन्मभर केंद्रातही राहू शकतं. ‘आमच्या समोर सोडा’ असा आग्रह धरू नका.

एकच अपवाद: रस्त्यावरचं कासव

जून-जुलैत पहिल्या पावसात फ्लॅपशेल रस्ते ओलांडतात. गाडी सुरक्षित ठिकाणी थांबवा, कासवाचं तोंड ज्या दिशेला होतं त्याच बाजूला त्याला रस्त्यापलीकडे ठेवा आणि निघा. दोन्ही हातांनी पाठीच्या कडेला, मागच्या भागात धरा. शेपटीने उचलू नका. मऊ पाठीच्या कासवांची मान आश्चर्य वाटेल इतकी मागे वळते आणि चावा जोरात बसतो. मोठं असेल तर फावड्यावर किंवा गाडीतल्या मॅटवर सरकवा. ‘इथे पाणी नाही’ म्हणून उचलून धरणात नेऊन टाकू नका, ते कुठे निघालंय ते त्याला कळतं. पाठ फुटली असेल, रक्त येत असेल तर मात्र तिथून हलवा आणि १९२६ ला कळवा.

काल रात्री आणलेलं, सुदृढ, देशी कासव आज सापडल्या जागीच परत जाणं योग्य असू शकतं, पण तेही फोन करून, सांगतील तसंच. महिनाभर ठेवलेल्याला हा अपवाद लागू नाही.

स्लायडर निघालं तर: ठेवायचं की द्यायचं

परदेशी जात असल्याने ती पाळणं हा देशी कासव पाळण्यासारखा गुन्हा आजवर धरला गेलेला नाही. पण २०२२ च्या दुरुस्तीतल्या ६२-अ कलमाने आक्रमक परक्या जातींची आयात, व्यापार, बाळगणं आणि प्रसार यांवर निर्बंध आणायचा अधिकार केंद्राला दिला आहे, तेव्हा कुणाला देण्याआधी वनखात्याला सध्याचा नियम विचारून घ्या. आणि उपाशी मरेल अशा स्थितीत कोणताही प्राणी टाकून देणं हे प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० खाली येतंच.

माझं मत विचाराल तर शक्य असेल त्याने ठेवावं. बहुतेकांना कासवाचा कंटाळा आलेला नसतो, कंटाळा आलेला असतो तो चुकीच्या टाकीचा. टाकी सुधारली की निम्मं भांडण मिटतं.

पाणी: पाठीच्या दर इंचाला साधारण ४० लिटर धरा. ८ इंची कासवाला ३०० लिटरच्या आसपास लागतं. काचेचीच टाकी हवी असं नाही. रुंद प्लॅस्टिकचा टब किंवा आडवी कापलेली पाण्याची टाकी स्वस्तात होते. कासवासाठी फिल्टर घेताना माशांसाठी लिहिलेल्या क्षमतेच्या दुप्पट क्षमतेचा घ्या, कारण कासवाची घाण माशांपेक्षा कितीतरी जास्त. खायला वेगळ्या बादलीत घाला आणि झाल्यावर परत टाकीत सोडा. वासाच्या तक्रारीवर इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

ऊन: पूर्ण कोरडं होता येईल असा दगड किंवा फळी पाण्याबाहेर हवी. रोज थोडं थेट ऊन द्या, पण खिडकीच्या काचेतून येणारं ऊन चालत नाही, काच कासवाला लागणारे अतिनील-बी (यूव्हीबी) किरण अडवते. लहान काचेची टाकी मात्र उन्हात ठेवली तर पाणी तापून कासव मरतं, म्हणून टब ठेवा आणि निम्म्या भागावर सावली करा. फ्लॅटमध्ये ऊन येतच नसेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा यूव्हीबी दिवा लावा. तो उजेड देत राहतो, पण वर्षभरात त्यातले किरण संपतात, म्हणून बदलावा लागतो.

खाणं: दुकानातल्या डबीतली सुकी कोळंबी हे पूर्ण अन्न नव्हे. पिल्लांना प्रथिनं जास्त लागतात. मोठ्यांना निम्म्याहून जास्त हिरवं हवं: गाजराचा किस, लाल भोपळा, तुतीची पानं, टाकीतल्या पाणवनस्पती. सोबत कासवांसाठीचे गोळे आणि अधूनमधून ताज्या मासळीचे तुकडे, काटे-कातडीसकट. खारवलेली सुकट नको. मोठ्यांना एक दिवसाआड पुरे. डोळे सुजून मिटलेले दिसले तर बरेचदा जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडलेलं असतं, पाठ दाबल्यावर लवत असेल तर कॅल्शियम आणि किरण कमी पडलेत. दोन्हीसाठी विदेशी प्राणी बघणारा पशुवैद्यक शोधा, कुत्र्यामांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात हे होत नाही.

मादी आहे का, हेही बघा. नराच्या पुढच्या पायांची नखं लांबलचक असतात, शेपूट जाड आणि लांब. मादी मोठी होते आणि नराशिवायही अंडी घालते. ती अस्वस्थ होऊन मागच्या पायांनी उकरू लागली तर वीतभर खोल, ओलसर माती-वाळूची पेटी द्या. जागा मिळाली नाही तर अंडी पोटात अडकतात आणि जिवावर बेततं. घातलेली अंडी त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका. पिल्लं काढण्याचा उत्साह आवरा, तुम्ही एकाच कासवाला घर शोधत होतात.

घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा आजारी म्हातारं माणूस असेल तर साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूचा विचार करावाच लागतो. याच जंतूमुळे अमेरिकेत १९७५ पासून ४ इंचांपेक्षा लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. कासव धुतलेलं दिसलं तरी जंतू अंगावर असतात. हाताळल्यावर साबण, टाकी स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धुवायची नाही, आणि मुलांनी कासवाची पापी घ्यायची नाही.

हे जमणार नसेल, तर द्या. प्राणिसंग्रहालयं आणि उपचार केंद्रं स्लायडर घ्यायला सहसा राजी नसतात, जखमी देशी प्राण्यांनाच तिथे जागा अपुरी असते. तरी आधी फोन करून विचारा, दारात पेटी ठेवून पळू नका. नवा पाळणारा शोधताना पैसे मागू नका, पण टाकी स्वतः जाऊन बघा आणि दोन प्रश्न विचारा: हे अजून वीस वर्षं जगेल, चालेल ना? आणि नको झालं तर मला परत द्याल ना? दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारा माणूस भेटला की कासव द्या.

बागेतलं तळं चालेल का? चारी बाजूंनी बंद असेल, कासवाला चढता येणार नाही असा कठडा असेल आणि पावसात वाहून जाण्याची वाट नसेल, तरच. शेततळं दोन कारणांनी नको. प्लॅस्टिकच्या अस्तरावरून त्याला काठावर चढता येत नाही, ऊन मिळत नाही. आणि भरून वाहिलं की ते ओढ्यात जातं. विहिरीचंही तेच, फक्त जास्त वाईट. देवळाच्या कुंडात सोडण्याची आपल्याकडे फार ओढ असते. सभामंडपातलं दगडी कासव त्यामागे असेल कदाचित, पण कुंडातल्या माशांना आणि कासवांना पाहुण्याची ओळख तशी पटत नाही.

आधीच सोडून झालं असेल तर

कुठे, कधी, किती मोठं, हे वनखात्याला कळवा. तळ्यात लाल पट्ट्याचं कासव दिसलं तर जागा आणि तारखेसह फोटो आय-नॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर टाका, पसारा कुठवर गेलाय हे अभ्यासकांना अशाच नोंदींतून कळतं. स्वतः जाळं घेऊन उतरू नका. जाळ्यात आधी देशी कासव अडकतं आणि पाण्याखाली अडकलेलं कासव बुडतं.

कासव दुसऱ्या घरी गेलं की मागे टाकी उरते. तिचं पाणी नाल्यात किंवा झाडांपाशी नको, संडासात ओता. आतल्या पाणवनस्पती आणि शंखगोगलगाई तळ्यात रिकाम्या करू नका, त्याही बहुधा परक्याच असतात. वनस्पती उन्हात कडकडीत वाळवून कचऱ्यात टाका. टाकी, दगड आणि फिल्टर ब्लीचच्या पाण्याने धुऊन, चार दिवस उन्हात ठेवून मगच कुणाला द्या.